होडी राहू दे, आधी पाळणा हलव!

गेल्या महिन्यात वन्संकडे रविवारचं जेवण होतं. सगळे जमले होते. मटकीची उसळ, भजी, श्रीखंड, असा साग्रसंगीत बेत. जेवणं उरकत आली तशी आमची भाचेसून हळूच म्हणाली, ''आई, बोट क्लबवर आमच्या बॅचच्या मुली पुन्हा सकाळी यायला लागल्यात. मलाही जावंसं वाटतंय. आठवड्यातून दोनच दिवस.''

ही मुलगी पुण्यात इंजिनीअरिंगला असताना तीन वर्षं मुळा नदीवर होडी वल्हवायची. रोइंग म्हणतात त्याला. लग्नात तिच्या मैत्रिणींनी नवरानवरीला वल्ह्यांच्या कमानीखालून नेलं होतं, ते फोटो अजून दिवाणखान्यात आहेत. आता तिचं बाळ दीड वर्षाचं आहे.

वन्सं श्रीखंड वाढता वाढता म्हणाल्या, ''अगं, होडी राहू दे, आधी पाळणा हलव!''

सगळे हसले. वाक्य होतंच तसं चटकदार. मीही हसले. ती पण हसली. पण नंतर ओट्याशी ताटं पुसताना ती गप्प होती, आणि मला आपल्याच हसण्याची लाज वाटायला लागली. मी वस्तीतल्या बायकांचे बचत गट चालवते, किशोरवयीन मुलींचे वर्ग घेते, 'स्वतःसाठी वेळ काढा' असं भाषणात दर महिन्याला सांगते. आणि घरात वेळ आली तेव्हा खी खी करून मोकळी झाले.

''मामी, तुम्ही कात्रिन बोरोनचं नाव ऐकलंय?'' तिनं विचारलं.

मला आपलं ते एखाद्या मलमाचं नाव वाटलं. तसं म्हणालेही. तेव्हा मात्र ती खरंच हसली, आणि मोबाइलवर फोटो दाखवला. एका लांबलचक अरुंद होडीत चार बायका, गळ्यात पदकं. ''यातली ही. हिला मूल झालं, आणि दोन वर्षांनी ही ऑलिम्पिकचं सुवर्णपदक घेऊन आली. चौथं सुवर्ण.''

मी घरी आले आणि तिच्याबद्दल मिळेल ते वाचायला लागले. मुलाला सांगून इंग्रजी-जर्मन मजकूर समजून घेतला. आर्ट्सची पदवी असली तरी खेळाच्या पानाशी माझा संबंध फक्त क्रिकेटपुरता. पण ही बाई काही डोक्यातून जाईना.

आधी खेळाबद्दल दोन शब्द सांगते, कारण आपल्याकडे रोइंग हा शब्द बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो 2016 साली. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने रिओ ऑलिम्पिकमध्ये होडी वल्हवली आणि तेरावा क्रमांक मिळवला तेव्हा. दुष्काळी गावातला मुलगा पाण्यातल्या खेळात, याचं आपल्याला केवढं अप्रूप वाटलं होतं! तोच हा खेळ. दोन हजार मीटर सरळ पाणी, सहा रांगा, सहा होड्या. खेळाडू पाठ पुढे करून बसतात. म्हणजे होडी जिकडे जाते तिकडे त्यांची पाठ, आणि डोळ्यांसमोर मागे पडलेलं पाणी. शेवटची रेषा त्यांना दिसतच नाही. दिसतात ते मागे राहिलेले प्रतिस्पर्धी. पुढे कोणी असेल तर मान वळवल्याशिवाय कळत नाही. बघणाऱ्याला वाटतं हा हातांचा खेळ आहे. भाचेसून म्हणते, नाही मामी, हा पायांचा, कमरेचा आणि पाठीचा. बसायची पाटी रुळांवर पुढेमागे सरकते, पायांनी रेटा द्यायचा, पाठीने ओढायचं, हात सर्वांत शेवटी.

पाय, कंबर, पाठ, पोट. बाळंतपणानंतर नेमके कोणते अवयव आपल्याला 'आहोत बरं का आम्ही' म्हणून आठवण करून देतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

यात दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येकीकडे एकच मोठं वल्हं. दुसऱ्यात प्रत्येकीच्या दोन्ही हातांत एकेक. कात्रिन बोरोन दुसऱ्या प्रकारातली. कधी दोघींच्या होडीत, कधी चौघींच्या. चौघींची होडी बारा-तेरा मीटर लांब, पण वजन जेमतेम बावन्न किलो. आपल्या घरातला गहू भरलेला पिंप त्याहून जड असेल. एवढ्या हलक्या होडीत चौघींपैकी एकीचं वल्हं क्षणभर उशिरा पाण्यात गेलं तरी होडी डगमगते. म्हणजे नुसती ताकद असून भागत नाही, दुसरीच्या श्वासाशी श्वास जुळवावा लागतो.

कात्रिनचा जन्म 4 नोव्हेंबर 1969 चा, पूर्व जर्मनीतल्या आयझेनह्युटनश्टाट गावचा. नाव म्हणता म्हणता जीभ वळते, अर्थ मात्र सोपा, 'लोखंडाच्या भट्टीचं शहर'. पोलंडच्या सीमेजवळ, पोलादाच्या कारखान्याभोवती 1950 नंतर आखून वसवलेलं. 1961 पर्यंत त्याचं नाव चक्क स्टालिनश्टाट होतं. आपल्याकडच्या भिलाईसारखं म्हणा. अशा देशात खेळ हा छंद नव्हता, तो सरकारी कारखानाच होता. लहानपणीच मुलांची उंची, हातांची लांबी मोजायची, आणि कोण पोहणार, कोण धावणार, कोण वल्हवणार ते ठरवायचं. खेळासाठी वेगळ्या निवासी शाळा, पूर्णवेळ प्रशिक्षक, सगळं फुकट.

आणि त्याची फळंही दिसत होती. ऑलिम्पिकमध्ये पुरुष 1900 पासून होड्या वल्हवत होते, बायकांना तिथे प्रवेश मिळाला तो थेट 1976 साली, माँट्रियलला. तोही अर्ध्या अंतरावर. पुरुषांना दोन हजार मीटर, बायकांना एक हजार. का, तर नाजूक जात, झेपणार नाही! (याच नाजूक जातीने डोक्यावरून हंडे वाहायचे, ते मात्र झेपतं.) बायकांच्या ऑलिम्पिक शर्यतीचं अंतर पुरुषांइतकं झालं ते 1988 च्या सोल ऑलिम्पिकला. पहिल्याच वर्षी, 1976 ला, बायकांच्या सहा शर्यतींपैकी चार सुवर्णं एकट्या पूर्व जर्मनीने नेली. 1988 ला सहापैकी पाच.

पण या कारखान्याच्या तळघरात काय चाललं होतं, तेही इथेच सांगायला हवं. 1974 पासून पूर्व जर्मन सरकारची एक गुप्त योजना होती. खेळाडूंना, त्यातही कोवळ्या मुलींना, पुरुषी संप्रेरकांसारखी औषधं द्यायची. अनेक मुलींना 'जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत' असं सांगून ती दिली गेली. आवाज घोगरे झाले, अंगावर केस आले, पुढे कित्येकींना बाळंतपणात आणि तब्येतीत त्याचे भोग भोगावे लागले. सुमारे दहा हजार खेळाडू यात ओढले गेले असावेत असा अंदाज आहे. 2000 साली बर्लिनच्या कोर्टात त्यावेळचा क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्योपनर दोषी ठरले. कोर्टात बायका उभ्या राहून बोलल्या, म्हणून हे झालं. शिक्षा मात्र दोघांनाही स्थगित झाली, एक दिवसही तुरुंग नाही.

हे सांगते ते कात्रिनकडे बोट दाखवायला नाही. तिची चारही ऑलिम्पिक सुवर्णं भिंत पडल्यानंतरची, एकत्र झालेल्या जर्मनीची आहेत. सांगते ते यासाठी, की 'सरकारने मुलींच्या खेळासाठी सगळं करायला हवं' असं मी भाषणात म्हणते, तेव्हा हे 'सगळं' मला आता जरा जपून म्हणावंसं वाटतं. जे सरकार मुलीला शाळा, जेवण, प्रशिक्षक देतं, ते तिच्या शरीरावर हक्क सांगायला लागलं की काय होतं, ते त्या देशातल्या बायकांना ठाऊक आहे.

तर नोव्हेंबर 1989 मध्ये बर्लिनची भिंत पडली. कात्रिन तेव्हा नुकती वीस वर्षांची झाली होती. वर्षभरात तिचा देशच नकाशावरून गेला. जुने क्रीडा क्लब बंद पडले, हजारो प्रशिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. विचार करा, वीस वर्षांची मुलगी, लहानपणापासून एकच गोष्ट शिकलेली, आणि ज्यांनी शिकवली ते दुकानच बंद! कित्येक जणी तिथेच थांबल्या. कात्रिन थांबली नाही. पोट्सडॅमला राहून वल्हवत राहिली. बर्लिनच्या शेजारचं हे शहर हाफेल नदी आणि तळ्यांनी वेढलेलं आहे. बरोबरीने तिनं बँकेच्या कामाचं रीतसर शिक्षणही घेतलं. मला हे फार आवडलं. पदकं गळ्यात असली तरी भाजी पैसे देऊनच आणावी लागते.

1992 ला बार्सिलोना ऑलिम्पिक. होड्यांच्या शर्यती तिथून दूर बान्योलेस नावाच्या तळ्यावर होत्या. केर्स्टिन क्योपेनबरोबर दोघींच्या होडीत तिचं पहिलं सुवर्ण. 1996 ला अटलांटा, चौघींच्या होडीत दुसरं. 2000 ला सिडनी, पुन्हा दोघींची होडी, या वेळी जोडीदार याना टीमे, तिसरं. मधल्या वर्षांत जागतिक स्पर्धा. आठ वेळा ती जगज्जेती झाली, ते आकडे मी मांडत बसत नाही. मला त्यात वेगळंच दिसलं. तिची जोडीदार सारखी बदलते आहे. केर्स्टिन जाते, याना येते. दोघींची होडी सोडून ती चौघींच्या होडीत जाते, परत दोघींत येते. ऑलिम्पिकमध्ये एकटीच्या होडीत पदक तिनं मिळवलेलं नाही. प्रत्येक वेळी नव्या बाईच्या लयीशी स्वतःची लय जुळवायची. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला हे किती अवघड असतं ते कळेल. एक जाऊ गेली, दुसरी आली, स्वयंपाकघर तेच.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिची प्रशिक्षक बाईच होती, युटा लाऊ. युटा स्वतः 1976 आणि 1980 ची ऑलिम्पिक विजेती, त्याच चौघींच्या होडीची. म्हणजे जी शिकवत होती, तिनं ते अंगाने केलेलं होतं. आपल्याकडे मुलींच्या कबड्डी-खो-खो संघांना शिकवणारे सर बरेच दिसतात, बाई शोधाव्या लागतात. आणि दहावीतल्या मुलीला पाळी आली म्हणून आज धावता येणार नाही, हे सरांना कसं सांगायचं, या एका अडचणीपायी मैदान सोडलेल्या मुली माझ्या वर्गात आहेत. हसण्यावारी नेऊ नका.

आता येते 2002 साल. कात्रिनला मुलगी झाली. वय बत्तीस. तीन सुवर्णं खात्यावर. आपल्या भाषेत सांगायचं तर, 'झालं की आता सगळं!' थांबली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं.

ती परत आली. आणि इथे जरा थांबून बघा, कुठे परत आली. सिडनीला ती दोघींच्या होडीत जिंकली, तेव्हा जर्मनीच्या चौघींच्या होडीनेही सुवर्ण जिंकलं होतं, तिच्याशिवाय. मायके एव्हर्स, मानुएला लुट्झे, आणि केर्स्टिन व मान्या या कोवाल्स्की बहिणी. 2004 ला अथेन्सजवळ स्किनियासच्या पाण्यावर उतरलेल्या होडीत त्यांतल्या तिघी होत्या: मायके, मानुएला आणि केर्स्टिन. चौथी होती कात्रिन. म्हणजे दुसऱ्यांच्या भरल्या संसारात, बाळंतपणाहून आलेली बाई, वय चौतीस, जाऊन बसली. पूर्वीचं नाव बघून अशी जागा कोणी देत नाही. घड्याळ लावून, चाचण्या घेऊन ठरतं. एव्हर्स, लुट्झे आणि लग्नानंतर एल कलकिली झालेली केर्स्टिन, यांच्याबरोबर तिनं ती शर्यत जिंकली. ब्रिटनच्या मुली दुसऱ्या आल्या. घरी मुलगी जेमतेम दोन वर्षांची.

हे वाचून आपल्या मनात पहिला प्रश्न काय येतो? माझ्याही आला. 'मग बाळाला कोण सांभाळायचं?'

आता सर स्टीव्ह रेडग्रेव्ह यांची गोष्ट सांगते. ब्रिटनचे होडीवाले. 1984 ते 2000 अशा पाच ऑलिम्पिकमध्ये पाच सुवर्णं. शेवटचं 2000 ला सिडनीत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मधुमेह असताना, त्याच पेनरिथच्या पाण्यावर जिथे त्याच स्पर्धेत कात्रिनने तिसरं सुवर्ण घेतलं. अतिशय थोर माणूस, वादच नाही. त्यांना तेव्हा तीन मुलं होती. त्यांच्या पत्नी डॉक्टर, स्वतः 1984 च्या ऑलिम्पिकमध्ये वल्हवून आलेल्या. रेडग्रेव्हबद्दल एवढं वाचलं, पण 'मुलांना कोण सांभाळायचं?' हा प्रश्न एकदाही माझ्या मनात आला नाही. भाचेसुनेने निदर्शनास आणलं तेव्हा लक्षात आलं. मी स्वतःला सुधारक समजते बरं का!

तो प्रश्न विचारणं चूक आहे असं मी म्हणत नाही. बाळाला सांभाळावंच लागतं, ते काही वल्हं नाही, भिंतीला टेकवून ठेवायला. पण प्रश्न फक्त आईला विचारायचा, आणि तोही उत्तर मिळवायला नाही तर तोंड बंद करायला, हे चूक आहे. 'कोण सांभाळणार?' हे वाक्य आपण शेवटी पूर्णविराम देऊन म्हणतो. त्यापुढे प्रश्नचिन्ह दिलं, तर मग बसून तोड काढता येते. सोमवारी कोण, मंगळवारी कोण, दूध काढून ठेवायचं का, आजोबा उठतात किती वाजता.

कात्रिनच्या गोष्टीकडे आपण 'जिद्द' म्हणून बघतो आणि टाळ्या वाजवतो. महिलादिनाला असे चारपाच फोटो मोठे करून लावतो, मीही लावले आहेत. पण मला आता या जिद्दीच्या कौतुकाचा थोडा राग यायला लागलाय. जिद्द आपल्या बायकांत कमी आहे का? पहाटे चारला उठून चाळीस डबे करणाऱ्या बायका आमच्या गटात आहेत. कात्रिनकडे जिद्दीशिवाय जे होतं ते बघा. घराजवळ पाणी होतं. क्लब होता. बाळंतपण समजणारी प्रशिक्षक होती. जर्मनीत 1967 पासून खेळाडूंना दरमहा आधार देणारी 'स्पोर्टहिल्फं' नावाची संस्था आहे, तशी मदत होती. (पुढे खेळ थांबवल्यावर कात्रिनने याच संस्थेत काम केलं, खेळाडूंच्या अडचणी बघायचं.) आणि मुख्य म्हणजे, 'तू आई झालीस, आता तुझी जागा संपली' असं न म्हणता, 'ये, वेळ लावून दाखव' म्हणणारी होडी होती. जागा आयती दिली नाही, पण दारही लावून घेतलं नाही. मला वाटतं, बायकांना एवढंच पुरतं.

आमच्या गटातली एक जण शाळेत असताना जिल्हा पातळीवर लांब उडीत पहिली आलेली. लग्न विसाव्या वर्षी, दोन मुलं. मी तिला विचारलं, ''मग सोडलंस का?'' ती म्हणाली, ''ताई, सोडलं कुठं? कोणी परत विचारलंच नाही.'' तिचं ते वाक्य मी दोन वर्षं विसरले होते. कात्रिनबद्दल वाचताना आठवलं.

त्याच 2004 च्या अथेन्सला आणखी एक जर्मन बाई होती, बिर्गिट फिशर. कायाक चालवणारी, दोन मुलांची आई, पोट्सडॅमपासून फार लांब नसलेल्या ब्रांडेनबुर्ग गावची. तिनं बेचाळिसाव्या वर्षी सुवर्ण मिळवलं. आणि रुमानियाची एलिझाबेता लिपा, एकोणचाळिसाव्या वर्षी, रोइंगमधलं पाचवं सुवर्ण. तिघीही एकाच उन्हाळ्यात. म्हणजे कात्रिन काही अचाट अपवाद नाही. जिथे दार उघडं राहतं तिथे अशा बायका एकीमागून एक निघतात.

गोष्ट सुवर्णावर संपली असती तर सिनेमासारखी झाली असती. 2008 ला बीजिंगला ती पुन्हा उतरली. वय अडतीस, रेडग्रेव्ह होते तेवढंच. चौघींची होडी. ही शर्यत म्हणजे जर्मन बायकांची जहागीरच. 1976 पासून, आधी पूर्व जर्मनीने आणि मग एकत्र जर्मनीने, दर वेळी सुवर्ण घेतलेलं. अपवाद 1984 चा, कारण तेव्हा पूर्व जर्मनीने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकला होता. बीजिंगमध्ये ती जहागीर गेली. यजमान चीनच्या मुलींनी सुवर्ण घेतलं, ब्रिटन दुसरं, जर्मनी तिसरं. कात्रिनचं पाचवं ऑलिम्पिक, पाचवं पदक, पहिल्यांदाच पिवळं नाही.

मला तिचं हे कांस्य सगळ्यांत आवडतं. चार सुवर्णं असलेली बाई हरण्याची शक्यता पत्करून परत पाण्यात उतरते, ही साधी गोष्ट नाही. आपण तर पुरणपोळी एकदा बिघडली की वर्षभर करत नाही. आणि परत येणाऱ्या बाईने जिंकूनच दाखवलं पाहिजे, ही अटही आपण गुपचूप घालतो. सुवर्ण आणलंस तर बाळाला सोडून गेलीस ते माफ; तिसरी आलीस तर 'कशाला गेली होती तडफडायला?' माझ्या भाचेसुनेला कुठलंच पदक मिळवायचं नाही. तिला सकाळी पाण्यावर जायचंय, घाम येईस्तोवर वल्हवायचंय आणि घरी येऊन पोळ्या लाटायच्यात. त्यासाठी तिला कात्रिन बोरोनचा दाखला द्यावा लागतो, हीच मुळात गंमत आहे. दाखला चार सुवर्णांचा, आणि मागणी काय, तर आठवड्याचे तीन तास!

2021 ला झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच रोइंगच्या शर्यती बायकांना आणि पुरुषांना सारख्या झाल्या, सात आणि सात. 1976 ते 2021, पंचेचाळीस वर्षं लागली. आपल्या घरातलं गणित इतकं अवघड नसावं.

मी वन्संना फोन केला. त्यांना मोठ्या मी कधी उलटून बोललेले नाही, तेव्हाही बोलले नाही. म्हटलं, ''वन्सं, त्या दिवशी मी हसले ते चुकलंच माझं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी येऊन बसते बाळापाशी. तुमची पूजा असते, तुम्हाला दगदग नको.'' त्या काही क्षण बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ''वहिनी, तुम्हाला शालेय मुलींचा वर्ग असतो ना शुक्रवारी? मंगळवारचं बघा तुम्ही. शुक्रवारी मी आहे की घरात.'' भाचा म्हणे बाजूलाच होता. त्याला विचारलं का, असं मी विचारणार होते, पण म्हटलं, एका फोनला एवढं पुरे. त्याला पुढच्या रविवारी, समोरासमोर.

मागच्या मंगळवारी साडेपाचला पोचले. ती सायकल काढून गेली. बाळ सव्वासहाला उठलं, इकडेतिकडे बघितलं, भोकाड पसरलं, मग दूध प्यायलं आणि माझ्या चष्म्याशी खेळत बसलं. साडेसातला ती आली. तळहाताला चांगले टपोरे फोड. वन्सं देवघरातून आल्या, हात बघितले, काही न बोलता आत गेल्या आणि खोबरेल तेलाची वाटी आणून तिच्यापुढे ठेवली.